माळ्यावरच्या माळा

गणपती नऊ दिवसांवर आले की आमच्या गल्लीत घरोघरच्या माळ्यांवरून खोकी खाली उतरतात. परवा आमचंही उतरलं. झाकण उघडलं आणि दूध उतू जातंय का बघायला मी दोन मिनिटं आत गेले. परत येऊन बघते तर आमची अडीच वर्षांची कन्या ओवी दिव्यांच्या माळेची हिरवी वायर तोंडात धरून उसाच्या कांड्यासारखी चोखत बसलेली.

"थुंक! आधी थुंक!"

माझा आवाज मेन रोडपर्यंत गेला असावा. कारण कुंपणावरच्या जास्वंदीत खसफस झाली आणि पलीकडून काकूंचं डोकं वर आलं. "काय गं, पाल की काय?"

आमच्या दोन घरांमध्ये कमरेइतकी भिंत आहे आणि तिच्यावर जास्वंद. काकूंनी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण तास अजून संपलेला नाही. फक्त फळ्याच्या जागी आता कुंपण आलं, आणि वर्गात बहुतेक वेळा मी एकटीच.

"पाल असती तर बरं झालं असतं. ही बघा, वायर खात होती."

"कुठली माळ? नणंदेनं आणलेली?"

काकूंना आमच्या घरातलं सगळं माहीत असतं. माळ नणंदेचीच होती. दोन वर्षांपूर्वी सॅन होजेहून आली तेव्हा तिनं आणलेली, यूएसबीवर चालणारी. वायरला एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली. तिच्यावर बारीक अक्षरात काहीतरी होतं, ते मी दोन वर्षांत कधी वाचलं नव्हतं. काकूंनी चष्मा खाली ओढून वाचलं. मथितार्थ असा, की या वायरीच्या आवरणात शिसं आहे, शिशानं कॅन्सर होतो आणि जन्मजात दोष होऊ शकतात हे कॅलिफोर्निया राज्याला ठाऊक आहे, तरी हाताळल्यावर हात धुवावेत.

"कॅलिफोर्निया राज्याला ठाऊक आहे!" काकू खुदकन हसल्या. "राज्याला ठाऊक असून ती माळ विकतात, आणि तुझ्या नणंदेला ठाऊक असून ती माहेरी आणते."

"तिनंही वाचलं नसणार. पण घातक आहे तर विकतात कसे?"

"त्यांचा कायदाच तसा आहे. १९८६ साली तिथल्या लोकांनी मतदान करून तो आणला, प्रपोझिशन ६५ म्हणतात. वस्तूत असलं रसायन असेल तर विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला तसं सांगायचं. विकू नको असं तो कायदा म्हणत नाही, लपवू नको म्हणतो."

मी ती माळ पिशवीत कोंबली आणि खोक्यातली दुसरी काढली. गेल्या वर्षी मेन रोडवर साठ रुपयांना घेतलेली. उलटून पालटून पाहिली, कसलीच चिठ्ठी नाही. "मग ही चालेल. हिच्यावर काही लिहिलेलं नाहीये."

गृहपाठ विसरून आलेल्या पोराकडे बघावं तसं काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "दुधात पाणी घालणारा गवळी किटलीवर तसं लिहून ठेवतो का गं?"

एवढ्यात समोरच्या वहिनी फाटकाशी आल्या. त्यांना फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. "गवळी पाणी घालतोय? तरी मी म्हणतच होते!"

"दूध नाही हो वहिनी, शिसं. हिनं शिसं चाटलं."

"अगं बाई!" म्हणून वहिनींनी तोंडावर हात ठेवला आणि पुढचं न ऐकताच निघाल्या. त्या अशा निघाल्या की बातमीला पाय फुटतात.

"पण वायरीत शिसं हवंच कशाला?" मी विचारलं.

"वायरीवरचं प्लास्टिक असतं पीव्हीसी. ते तापलं की त्यातून आम्ल सुटतं आणि ते आपलंच आपल्याला खायला लागतं. शिशाचे क्षार ते आम्ल पकडून ठेवतात, म्हणून कारखान्यात मिसळतात. शिशाशिवायही करता येतं, पण शिसं स्वस्त पडतं ना. नव्या वायरीत ते बऱ्यापैकी अडकून असतं. माळ जुनी झाली, खिडकीत ऊन खाल्लं, की वरचा थर भुरभुरायला लागतो. बोटाला लागतो, आणि हिची बोटं कुठे असतात?"

तिची बोटं त्या क्षणी तोंडातच होती. मी ती उपसून पदराला पुसली.

"पदराला नको, साबणानं धू. शिशाची गंमत अशी आहे बघ, शरीराला ते कॅल्शियमसारखंच वाटतं. हाडं म्हणतात, या, बसा. आणि ते वर्षानुवर्षं बसतं. पोटात गेलेल्यातलं मोठ्यांच्या अंगी लागतं त्याच्या चारपाच पट लहान मुलांच्या अंगी लागतं, आणि वाढत्या मेंदूला ते सोसत नाही. इतकं गेलं तर चालेल, अशी हद्दच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते."

माझं तोंड बघून त्यांनी आवाज उतरवला. "अगं, एकदा चाटलं म्हणून लगेच काही होत नाही. रोज थोडं थोडं गेलं तर वाईट. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा सांग, रक्तातलं शिसं तपासता येतं. आणि पोरीला दूध, नाचणी, पालेभाजी देत राहा. कॅल्शियम आणि लोह पुरेसं असलं की शिसं अंगात कमी शोषलं जातं."

खोक्यातून पुढची निघाली प्लास्टिकची खार. मखराच्या कमानीवर बसवायची, लाल डोळ्यांची. ओवीनं "खारूताई!" म्हणून झडप घातली. काकूंनी खार उलटी करून पोट तपासलं.

"हीच खार खेळणं म्हणून विकायची असेल तर २०२१ पासून तिच्यावर आयएसआयची खूण लागते. रंगात शिसं किती, तुकडा निघून घशात अडकेल का, सगळं तपासावं लागतं. तीच खार सजावटीच्या दुकानात टांगली की झाली शोभेची वस्तू. मग कोण विचारतो?"

"पण पोरीला काय कळणार ती शोभेची आहे?"

"हेच तर. खेळणं कशाला म्हणायचं ते दुकानदार नाही, पोर ठरवतं."

आता ओट्यावर वाती वळत बसलेल्या आमच्या सासूबाईंना राहवेना. "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं. बेगडाच्या झिरमिळ्या, मूर्तीला हिंगूळ, हरताळ, देवाला शेंदूर. सगळं कसं नैसर्गिक."

काकू अडखळल्या. सासूबाई त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठ्या. पण विज्ञानाच्या बाईंना चुकीचं उत्तर सोडवत नाही.

"माई, रागवू नका. शेंदूर म्हणजे शिसंच. शिसं हवेत भाजत राहिलं की होतो तो केशरी रंग. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. आणि हरताळ म्हणजे सोमलाच्या घरचाच, पिवळाधमक. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्याच्यावर हरताळाचा लेप द्यायचे, खालचं अक्षर दिसेनासं व्हायचं. आपण एखाद्या कामावर हरताळ फासला म्हणतो ना, तो हाच."

सासूबाईंची वात हातातच राहिली. "म्हणजे मी अठ्याहत्तर वर्षं जगले ती चुकून?"

"चुकून नाही, चाटलं नाहीत म्हणून."

"चाटलं नाही कशावरून?" सासूबाई म्हणाल्या, आणि तिघीही हसलो. पण मी आत जाऊन देव्हाऱ्यातली शेंदराची पुडी वरच्या फळीवर ठेवून आले. आजकाल त्या पुडीत खरा शेंदूर असतो की नुसता केशरी रंग, हे पुडी सांगत नाही. दोन्ही पोरीच्या जिभेवर नकोत.

हार मानतील त्या सासूबाई कसल्या! "बरं, रसायनं नकोत. पानाफुलांची आरास करा. देवाला आवडते ती पत्री, तिच्यात तरी काही नाही ना?"

"माई, पत्री एकवीस. त्यातला धोतरा खाल्ला तर माणूस भ्रमिष्ट होतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजून बंद. आणि कण्हेर तर काळजावरच घाव घालते. देवाला वाहा, हात धुवा, आणि निर्माल्य पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. देव काही ती पानं चघळत नाही."

हे मात्र सासूबाईंना पटलं. त्यांच्या माहेरी बैलानं कण्हेरीचा पाला खाल्ला होता, ती गोष्ट त्यांनी सविस्तर सांगितली. बैलाचं पुढे काय झालं ते सांगायची गरज पडली नाही.

खोक्याच्या तळाशी निघालं थर्माकोलचं मखर. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली, त्याच्या आदल्या वर्षीचं. नवऱ्यानं रात्री जागून कोरलेलं, त्यामुळे कोणी टाकायला तयार नाही. १ जुलै २०२२ पासून तर सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. तरी आमचं मखर दर वर्षी निवृत्तिवेतन घ्यायला आल्यासारखं खाली येतं.

"टाक ते, पण जाळू नकोस," काकू म्हणाल्या. "काळा धूर होतो नुसता. मागे आमच्या शाळेत मुलं तापलेल्या तारेनं थर्माकोल कापायची, खोलीभर वास. तो वास म्हणजे स्टायरिन, मी खिडक्या उघडायला लावायची. सुक्या कचऱ्यात दे, आणि नवऱ्याला सांग माझं नाव."

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. मग मी पिशवीतून मातीच्या पणतीसारखे दिसणारे प्लास्टिकचे दिवे काढले. खाली बटण दाबलं की वात लुकलुकते. तेल नाही, आग नाही, पोर भाजायची भीती नाही. "हे मात्र मी मुद्दाम ओवीसाठी घेतलेत. निर्धोक."

काकूंनी एक दिवा हातात घेतला, उलटा केला आणि नखानं खालचं झाकण सरकवलं. टचकन उघडलं. आतून रुपयाएवढा चकचकीत सेल त्यांच्या तळहातावर पडला. त्या एकदम गप्प झाल्या.

"एक बटाटा आण. आणि हळद-मीठ."

मला वाटलं, भाजीचा विषय निघाला. पण काकूंनी भिंतीवरच बटाट्याची जाड चकती कापली, तिच्यावर हळद चोळली, चिमूटभर मीठ आणि थेंबभर पाणी टाकलं. दिवा मंद झाला म्हणून मी बाजूला काढलेला एक जुना सेल त्यांनी निवडला आणि ज्या बाजूला अधिकचं चिन्ह नाही ती खाली करून चकतीवर ठेवला.

"हा संपलेला आहे काकू."

"बघू या."

आम्ही तिघी आणि ओवी बघत राहिलो. आधी कडेनं बारीक बुडबुडे यायला लागले, फेस आल्यासारखे. पाचेक मिनिटांनी काकूंनी चमच्यानं सेल उचलला. खालची पिवळी हळद लालभडक झालेली.

"हळदीत चुना घातला की काय होतं, माई?"

"कुंकू," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"तेच झालंय. चुन्यासारखंच काहीतरी तयार झालंय इथे, पण चुना कुणी घातला नाही. सेलच्या दोन टोकांतून वीज वाहते, ओलाव्यातलं पाणी फुटतं आणि तिथे कॉस्टिक तयार होतं, मोरी तुंबल्यावर आपण ओततो ना, त्याच जातीचं. बटाट्यावर हे पाच मिनिटांत झालं. आता समज, हाच सेल पोरीच्या अन्ननलिकेत अडकला. तिथे ओलावा आहे, खारटपणा आहे, आणि तो एकाच जागी चिकटून बसलाय. दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजतं, कधी आरपार भोक पडतं. आणि तू म्हणालीस हा संपलेला आहे."

मी ओवीला कडेवर घेतलं.

"पोरानं गिळला असं नुसतं वाटलं तरी ओकारी काढायला जायचं नाही. खायला-प्यायला द्यायचं नाही. सरळ दवाखाना, आणि एक्स-रे. त्यात तो नाण्यासारखा दिसतो, पण काठाशी दुहेरी गोल असतो. मूल वर्षाच्या वरचं असेल, नीट गिळता येत असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. फक्त मधाचीच मुभा आहे. त्यानं भाजणं कमी होतं. पण मध शोधत घरात थांबायचं नाही."

"आणि गिळताना कोणी बघितलंच नाही तर?"

"म्हणून तर दिव्याखालचं झाकण बघायचं. स्क्रू असेल तर घे. नुसतं सरकतं असेल तर पोराच्या घरात तो दिवा नको, कितीही गोड लुकलुकला तरी."

सहाच्या सहा दिवे परत पिशवीत गेले. सेल काढून, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून डबीत, आणि डबी कपाटाच्या वर. ई-कचऱ्याची गाडी येईल तेव्हा द्यायची.

"मूर्ती तरी शाडूची आहे ना?" निघता निघता काकूंनी विचारलं.

"अर्थात! पीओपी नाही आणत आम्ही." इथे तरी पैकीच्या पैकी मिळतील असं मला वाटलं.

"माती शाडूची, रंग कुठला?"

मी गप्प.

"प्लास्टर नदीत विरघळत नाही, म्हणून वाईट. पण शाडूवर जर तोच भडक रंग असेल तर माती विरघळते आणि रंग बादलीत उरतो. घराला द्यायच्या रंगात शिसं किती असावं याचा नियम आहे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भाग, त्याच्यावर नाही. पण कारागिराकडे सुटी पूड येते, तिच्या डब्यावर कंपनीचं नावसुद्धा नसतं. त्याला विचारायचं, गेरू-हळदीत करून देतोस का म्हणून. केंद्रीय प्रदूषण मंडळानंही २०२० च्या नियमावलीत नैसर्गिक रंगच वापरा म्हटलंय. आपण कारागिराला किंमत विचारतो, रंगाचं विचारत नाही."

"मग गेल्या वर्षीचं विसर्जनाचं पाणी..." मला एकदम आठवलं. "काकू, ते आपण तुमच्या अळूच्या वाफ्यात ओतलं होतं!"

काकूंच्या चेहऱ्यावरचा वर्ग एका क्षणात सुटला. श्रावणात त्यांनी पाठवलेल्या अळूवड्या आम्ही दोन वेळा खाल्ल्या होत्या, त्यांच्या घरी तर चार वेळा. शिसं मातीत गेलं की सहजी जात नाही, हे त्यांनीच मला तासाभरापूर्वी शिकवलं असतं, जर मी विचारलं असतं.

"अळू उपटते," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी. आणि यंदाचं पाणी जास्वंदीला. ती कुणी खात नाही."

संध्याकाळी दूध द्यायला आला तेव्हा गवळी फाटकातच थांबला. "ताई, बाळाला विषबाधा झाली म्हणे? दुधातून? समोरच्या वहिनी म्हणत होत्या..." त्याला बिचाऱ्याला घाम फुटला होता. मी हातातली पोर दाखवली, तेव्हा कुठे त्यानं किटलीचं झाकण उघडलं. पुढचे दोन दिवस दूध घट्ट आलं, हा या सगळ्यातला निव्वळ नफा.

आमची यंदाची आरास साधी आहे. पुठ्ठ्याचं मखर, धुतलेल्या साड्यांची झालर, झेंडूची तोरणं. दिव्यांच्या माळा आहेत, पण पोरीचा हात पोचणार नाही इतक्या वर, आणि लावणाऱ्यानं हात धुवायचे हे ठरलेलं. मूर्तिकाराला रंगाचं विचारलं. आधी तो चमकला, मग म्हणाला की असं विचारणाऱ्या यंदा तुम्ही तिसऱ्या. पुढच्या वर्षी तीस जणांनी विचारलं तर तो पूड बदलेल, असं मला वाटतं.

तुमच्याही माळ्यावरून खोकं उतरलं असेल. बाकी काही जमलं नाही तरी एक करा. लुकलुकणारे दिवे उलटे करून त्यांच्या तळाला स्क्रू आहे का, तेवढं आजच्या आज बघा.